ग्रेट ब्रिटनमधील परदेशी परवानाधारकांचा मोटार विमा

ग्रेट ब्रिटनमध्ये (इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स) अन्य देशाच्या परवान्यावर मोटार चालवणाऱ्या व्यक्तीसही विमा बंधनकारक आहे. विमा व वाहन परवाना या स्वतंत्र बाबी असल्या, तरी परवान्याची वैधता संपल्यास चालकाचे विमा संरक्षणही धोक्यात येते. उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत.

कायदेशीर तरतुदी

तृतीय पक्ष विमा १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने सक्तीचा झाला. सध्या १९८८ च्या कायद्याचे कलम १४३ लागू आहे. विम्याविना वाहन चालवल्यास ३०० पौंड दंड होतो व परवान्यावर ६ दंडगुण नोंदले जातात. प्रकरण न्यायालयात गेल्यास दंडाला कमाल मर्यादा नसते. पोलीस वाहन जप्तही करू शकतात.

परवान्याची मुदत

ब्रिटनमध्ये राहावयास आलेल्या व्यक्तीस वैध भारतीय परवान्यावर १२ महिने मोटार चालवता येते. ही मुदत वास्तव्याच्या आरंभापासून मोजली जाते, विमा घेतल्याच्या दिवसापासून नव्हे. त्यामुळे वर्षभराच्या पॉलिसीची मुदत शिल्लक असतानाच परवान्याची मुदत संपू शकते. ऑस्ट्रेलिया, जपान आदी देशांचे परवाने बदलून ब्रिटिश परवाना मिळतो. भारत त्या यादीत नाही. भारतीयांना शिकाऊ परवाना काढून लेखी व प्रात्यक्षिक चाचणी द्यावी लागते. भारतात प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून (आरटीओ) मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हा मूळ परवान्यासोबतचा दस्तऐवज आहे. त्याने ही मुदत वाढत नाही आणि तो विम्याचा पर्यायही नाही.

विम्याचे स्वरूप

भारतात विमा मुख्यतः वाहनाशी निगडित असतो. ब्रिटनमध्ये मात्र पॉलिसीत सहसा चालकांची नावे नमूद केलेली असतात. नाव नसलेल्या नातेवाइकास संरक्षण मिळेलच असे नाही. विमाहप्ता वय, पत्ता, वाहन, परवान्याचा प्रकार व पूर्वीचे अपघात यांवर ठरतो. भारतातील नो क्लेम बोनस अनेक विमा कंपन्या ग्राह्य धरत नाहीत.

माहिती देण्याची जबाबदारी

२०१२ च्या ग्राहक विमा कायद्यानुसार अर्जदाराने चुकीची माहिती जाऊ नये याची वाजवी काळजी घेणे आवश्यक आहे. परदेशी परवाना ब्रिटिश म्हणून जाणूनबुजून नोंदवल्यास कंपनी पॉलिसी रद्द ठरवू शकते. चालकाकडे वैध परवाना नसला, तरी कलम १५१ अन्वये अपघातग्रस्तास न्यायालयाने मंजूर केलेली भरपाई विमा कंपनीस सामान्यतः द्यावी लागते. ती रक्कम नंतर चालकाकडून वसूल करता येते.