पिक्सेल आर्टसाठी सॉफ्टवेअर निवडताना

पिक्सेल आर्टमध्ये प्रत्येक ठिपका चित्रकार स्वतः मांडतो. त्यामुळे सॉफ्टवेअर किती मोठं आहे यापेक्षा ते मध्ये किती लुडबुड करतं, हे आधी पाहावं. फोटोशॉप किंवा गिंपमधला साधा ब्रश रेषेच्या कडेला अर्धपारदर्शक ठिपके पेरतो. फोटोला ते शोभतं. १६ बाय १६ ठिपक्यांच्या चित्राचा मात्र चिखल होतो. तिथे पेन्सिल टूल घ्यायचं. चित्र मोठं करतानाही फोटोशॉपमध्ये ‘निअरेस्ट नेबर’, गिंपमध्ये ‘नन’ हा पर्याय निवडायचा, आणि पट दुप्पट-तिप्पट अशी पूर्णच ठेवायची. एवढं सांभाळलं तर हाताशी असलेलं सॉफ्टवेअरही चालतं.

चित्र हलवायचं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मागची फ्रेम फिकट दिसत राहणं, म्हणजे ‘अनियन स्किन’, हवंच. एसप्राइट खास याच कामासाठी बनलेलं आहे. ते विकत घ्यावं लागतं, पण सोर्स कोड उघड असल्याने स्वतःपुरतं फुकट तयार करून घेता येतं. अर्थात ती खटपट नवख्याची नव्हे. त्याच्याच जुन्या मुक्त आवृत्तीतून लिब्रेस्प्राइट निघालं. पिस्केल तर ब्राउझरमध्येच उघडतं. सुरुवातीला मी तेच सुचवेन.

रंगांची पॅलेट बांधून ठेवता येते का, तेही तपासा. १९८९च्या गेम बॉयला चारच छटा होत्या, तरी त्यातला मारिओ झटकन ओळखू यायचा. आणि फाइल पीएनजीतच जपा; जेपीईजी ठिपक्यांभोवती डाग पाडतं.