माळ्यावरचा कॅमेरा आणि फोनमधला पंडित

कोकणातल्या घराला माळा असतो आणि माळ्यावर तीन पिढ्यांनी ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेलं सगळं असतं. पितळी समया, बंद पडलेलं घड्याळ, मुंबईहून आलेल्या पत्र्याच्या ट्रंका. आमच्या आंजर्ल्यात ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं कितीतरी घरांची छपरं उडवली आणि माळ्यावरचा हा सगळा संसार अंगणात येऊन पडला. त्यानंतर “वहिनी, जुनं काही द्यायचंय का?” असं विचारत फिरणारे दारात येऊ लागले. त्यांची नजर हंड्या-कळशांइतकीच जुन्या कॅमेऱ्यांवरही असते, बरं का!

पूर्वी अशी वस्तू निघाली की गावातल्या एखाद्या जाणत्याला दाखवायची. आता तो जाणता भाच्या-पुतण्यांच्या फोनमध्ये बसलाय. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसमोर आलं, पुढच्या वर्षी त्याला फोटो दाखवून प्रश्न विचारता येऊ लागले. मग इतरांचेही चॅटबॉट आले. मराठीत विचारा, मराठीत उत्तर, तेही कसं गोड आणि ठाम! गेल्या मे महिन्यात पुतणी आली होती, तेव्हा आम्ही मामंजींचे दोन कॅमेरे ओटीवर मांडले आणि फोटो काढून विचारत बसलो. कोणत्या चॅटबॉटला विचारलं ते सांगत नाही. दोघा-तिघांना विचारलं आणि सगळे एकाच माळेचे मणी निघाले.

पहिला होता आगफा क्लिक थ्री. पन्नाशी ओलांडलेल्या कितीजणींचे परकर-पोलक्यातले फोटो याच काळ्या डबीनं काढलेले असतील! एका रोलवर बारा चौकोनी फोटो, ऊन आणि ढग यांची चित्रं बघून दांडी सरकवायची, झालं. चॅटबॉटनं नाव अगदी बरोबर सांगितलं. का नाही सांगणार, कॅमेऱ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलंच आहे! पुढे मात्र त्याची गाडी सुसाट सुटली. म्हणे, हा जर्मनीत म्युनिकला बनला, साल १९५८, जगभर संग्राहकांची मागणी. म्युनिकला १९५८ पासून निघाले ते क्लिक वन आणि क्लिक टू. थ्री हा आपल्याकडचा, बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार होणारा. (याच बडोद्यात आपल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी आयुष्याची अखेरची वर्षं काढली. २०११ ला पद्मविभूषण मिळालं, २०१२ ला त्या गेल्या.) कॅमेऱ्यावर बारीक अक्षरात ‘मेड इन इंडिया’ आहे, पण ते ज्या बाजूला आहे त्या बाजूचा फोटो आम्ही दिला नव्हता आणि त्यानंही मागितला नाही.

असं का होतं, ते पुतणीनं मला समजावलं. आपण शेजारणीला ओळखतो तसा हा वस्तूला ओळखत नाही. जगात जे ढीगभर लिहिलं गेलंय त्यावरून ‘यापुढे कोणता शब्द येण्यासारखा आहे’ असा अंदाज करत तो वाक्य विणत जातो. जर्मन आगफावर पानंच्या पानं लिहिलेली, बडोद्याच्या कॅमेऱ्यावर चार ओळी. मग जिथे धागा नाही तिथे तो जवळचाच दुसरा घालतो, आणि टाका इतका सफाईदार की जोड दिसतच नाही. म्हणजे आपल्या मध्यमवर्गी घरात जे खरोखर वापरलं गेलं, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल म्हणा, नाहीतर ‘हॉट शॉट’ कॅमेरा म्हणा, तिथेच त्याचं ज्ञान तोकडं असायचा संभव जास्त. परदेशी पाहुण्याची बडदास्त आणि घरच्या माणसाची आठवण नाही, असला प्रकार!

मग मी मुद्दामच खोडी काढली. त्याच क्लिक थ्रीबद्दल विचारलं, “हा रशियन आहे ना?” लगेच उत्तर, “अगदी बरोबर ओळखलंत!” नव्या नवरीनंसुद्धा सासरी इतकं होला हो केलं नसेल. तीन वेळा किंमत विचारली, तीन वेळा वेगळी आली, आणि पहिलीत नि तिसरीत दसपट फरक. दारात विकत घेणारा उभा असताना यातला कोणता आकडा त्याला सांगायचा?

उलटही घडतं. लायका हा जर्मनांचा महागडा कॅमेरा. सोव्हिएत संघात त्याच्याच वळणावर फेड आणि झोर्की निघाले. त्यांच्यावर लायकाचं नाव आणि जर्मन सैन्याची चिन्हं कोरून विकायचा धंदा जगभर चालतो. खरं-खोटं पाहायचं तर भिंग काढून आत डोकवावं लागतं. लायकाच्या आतल्या दांडीच्या टोकाला छोटंसं फिरतं चाक असतं, सोव्हिएत कॅमेऱ्याला तिथे नुसतं धातूचं टोक. समोरून काढलेल्या फोटोत हे कसं दिसणार? फोनला दिसतं ते कोरलेलं नाव, आणि नाव तर खोटं करणाऱ्यानंच कोरलंय.

आता मामंजींचा दुसरा कॅमेरा. हा घडीचा, पेटीच्या भात्यासारखा काळा भाता असलेला. चामड्यावर झाइस आयकॉन, नेट्टार. भिंगाच्या कड्यावर ‘नोव्हार’. कोपऱ्यातल्या अंधारात काढलेला फोटो दिला तेव्हा चॅटबॉटनं भिंग ‘टेसर’ ठरवलं. टेसरमध्ये चार काचा, नोव्हारमध्ये तीन, आणि किंमतीत चांगलंच अंतर. साल सांगितलं १९३४. सकाळच्या तिरप्या उन्हात धरल्यावर चामड्यावर दाबून उमटवलेला आकडा आम्हालाच दिसला, ५१८/१६. म्हणजे हा महायुद्धानंतरचा, स्टुटगार्टचा, सहा सेंटिमीटरचे चौरस फोटो काढणारा. हा आकडा टाइप करून दिल्यावर चॅटबॉटनंही तेच सांगितलं. तेव्हा तो अगदीच निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. “हा कोणता कॅमेरा?” यापेक्षा “यावर तुला कोणती अक्षरं दिसतात, कोणती दिसत नाहीत?” असं विचारलं की तो बराच ताळ्यावर येतो. भिंगाचं कडं, शटरवरचं नाव, तळ, पाठ, सगळे फोटो उजेडात काढून द्यावेत. आणि किंमत मात्र कॅमेरा हातात घेऊन, खटका दाबून, भिंगावरची बुरशी बघूनच ठरते. आमच्या खाऱ्या दमट हवेत बुरशी धरतेच. त्यासाठी मुंबई-पुण्यातला जुना दुरुस्तीवाला गाठावा.

पण खरी धडकी भरली ती पुढेच. मॉडेल नक्की होण्याआधी चॅटबॉट म्हणाला होता, “मागचं झाकण उघडून आतला फोटो पाठवा, म्हणजे फिल्मचा आकार कळेल.” पुतणीचं बोट खटक्याशी गेलंच होतं. सासूबाई ओटीवर निवडण घेऊन बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, “अगो, थांब! ती लाल खिडकी बघ आधी.”

या कॅमेऱ्यांच्या पाठीला लाल काचेची बारीकशी खिडकी असते. आत रोल असला तर त्याच्या पाठीवरच्या कागदाचा आकडा तिथे दिसतो. दिसत होता. सात.

म्हणजे मामंजींनी भरलेला रोल आत तसाच होता, आणि मामंजींना जाऊन वीस वर्षं झालीत. उजेडात झाकण उघडलं असतं तर त्यावर होतं-नव्हतं ते धुऊन गेलं असतं. सात आकडा सांगितल्यावर चॅटबॉटनं ताबडतोब माफी मागितली, “आपण योग्य आहात, कृपया उघडू नका.” त्याची माफी मोठी तत्पर असते. पण रोल गेला असता तो आमचा.

तुमच्याकडे असा कॅमेरा निघाला तर आधी खिडकी बघा. आकडा दिसला तर रोल गुंडाळायचं वरचं बटण त्याच्याच दिशेनं सावकाश फिरवत राहा. बारा जाईल, मग बटण एकदम हलकं फिरू लागेल. तेव्हा अंधाऱ्या खोलीत झाकण उघडून रोल काढायचा, सैल न सोडता कागदाच्या टोकाला चिकटपट्टी लावायची आणि काळ्या कागदात गुंडाळायचा. कृष्णधवल रोल धुणारे मोजकेच उरलेत, पण आहेत. “खूप जुना आहे” हे त्यांना आधी सांगावं, म्हणजे ते रसायनांचा हिशेब तसा धरतात.

आमचा रोल पुतणीनं मुंबईला नेला. दीड महिन्यानं चार फोटो आले, धुरकट, कडेला डाग पडलेले. पहिल्यात खाडीतली तर, पूल व्हायच्या आधीची, आणि तीत उभ्या सासूबाई, काखेत दोन वर्षांचे भावोजी. भावोजी आता साठीला आलेत. “ते लुगडं डाळिंबी होतं हो,” सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्यात कड्यावरच्या गणपतीच्या वाटेवर सगळी वरात. तिसऱ्यात कोण आहे त्यावरून अजून घरात वाद चालू आहे. चौथ्यात माणूस कुणीच नाही. किनाऱ्यावरची नुसती वाळू आणि तीवर पडलेली मामंजींची टोपीसकट लांब सावली. सासूबाईंनी तोच मोठा करून मागवलाय.