गाळणी गरम चहाची, गरम वायूची

परवा सकाळच्या घाईत प्लॅस्टिकची गाळणी तापलेल्या पातेल्याला टेकली आणि पार वाकडी झाली. स्टीलच्या जालन्यात राहून प्लॅस्टिकची गाळणी! मी चरफडत होते, तर भाची हसून म्हणाली, "मावशी, अगं हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडलाय!"

भाची इथंच, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीच्या मराठवाडा संकुलात शिकते. २०१८ मध्ये ते जालन्यात सुरू झालं.

वायूंनाही गाळणी असते बरं का! पॉलिमरचा पातळ पडदा. त्याला दिसतील अशी भोकं नसतात. वायू त्यात विरघळतो आणि साखळ्यांच्या फटींतून पलीकडे निघतो. वाढदिवसाचा फुगा गाठ घट्ट असूनही सुरकुततो, तो असाच.

नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन बनवताना त्याच्यासोबत कार्बन डायऑक्साइडही गरमागरम बाहेर पडतो. साधा पडदा तिथं टिकत नाही. म्हणून वायू आधी थंड करायचे, मग वेगळे करायचे. म्हणजे चहा गार करून गाळायचा आणि पुन्हा तापवायचा! इंधन किती वाया जातं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

पॉलिबेंझिमिडाझोल हे पॉलिमर मात्र ४०० अंश सेल्सिअसलाही मऊ पडत नाही. आग विझवणाऱ्या जवानांच्या पोशाखात ते वापरतात. पण त्याच्या साखळ्या इतक्या दाटीनं बसतात, की वायू फार सावकाश जातो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या डॉ. उल्हास खारुल आणि सहकाऱ्यांनी त्या साखळ्यांना मोठाले रासायनिक गट जोडून पाहिले. २००६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. एसटीत कुणी बोचकं घेऊन बसलं, की शेजारच्याला सरकावंच लागतं ना, तसं! फटी वाढल्या, वायू भराभर जाऊ लागला. पण फटी फार वाढल्या, तर नको तो वायूही जातो. जाळी मोठी केली की पत्ती कपात येणारच. सगळं कसब हा तोल साधण्यात आहे.

मैत्रिणींनो, बारावीला रसायनशास्त्रात मलाही चांगले मार्क होते. पण पुढचं शिक्षण मुंबईला. "पोरीला एवढ्या लांब कशाला?" तिथंच विषय संपला. भाची मात्र घरून डबा घेऊन जाते.

मी आता स्टीलची गाळणी आणलीय. वाकडी टाकून देणार होते, तर भाचीनं ती मागून नेली. वर्गात दाखवायला!