वळणावरच्या गारगोट्या

दुपारचे बारा वाजले की चार्ल्स डार्विन अभ्यासिकेतून उठायचा, लोखंडी टोकाची काठी घ्यायचा आणि घरामागच्या वाटेला लागायचा. वाट वाळू अंथरलेली, एक फेरी जेमतेम पाव मैलाची. वळणावर गारगोट्यांची छोटीशी रास. दर फेरीला त्यातली एक पायाने बाजूला सारायची. फेऱ्या मोजण्यात डोकं गुंतायला नको.

१८४२ मध्ये लंडन सोडून तो केंट परगण्यातल्या एका खेड्यात आला आणि पुढची चाळीस वर्षं तिथेच राहिला. हा काही संन्यास नव्हता. घरात पत्नी एमा होती, मुलांचा गलका होता, जगभरातून पत्रं येत होती. मुलं तर त्याच वाटेवर खेळायची. तरीही दिवसातला तेवढा वेळ त्याने स्वतःसाठी राखला. एकांतासाठी घरदार सोडून डोंगर गाठावा लागतो, ही समजूत त्याच्या या फेऱ्या पाहिल्या की गळून पडते.

वेळ राखला तरी तो पेलणं सोपं नसतं. २०१४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं नुसतं विचार करत बसायचं. हवं तर बटण दाबून स्वतःला विजेचा झटका द्यायचा. हा झटका टाळायला आम्ही पदरचे पैसेही मोजू, असं आधी सांगणारीच ही माणसं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी सहा जणींनी बटण दाबलं! ज्या मनाशी आयुष्यभर राहायचं, त्याचीच सोबत पाव तास सोसवत नाही, हे वाचून काळजात चर्र होतं.

डार्विनला ती सोसायची सवय होती. एकदा तो झाडीत इतका निश्चल उभा होता की खारीची पिल्लं त्याच्या पायांवरून पाठीवर चढली आणि त्यांची आई झाडावरून जिवाच्या आकांताने ओरडत राहिली. मुलगा फ्रान्सिस याने ही आठवण लिहून ठेवली आहे.

पण स्वतःच्या मनाची त्याची सर्वांत खोल ओळख दिसते ती त्याच्या टिपणांत. आपल्या मताला अनुकूल गोष्टी ध्यानात राहतात आणि प्रतिकूल तेवढ्या चटकन निसटतात, ही खोड त्याने स्वतःत पकडली होती. म्हणून आपल्या निष्कर्षाला छेद देणारं काही आढळलं किंवा सुचलं, की तो ते तिथल्या तिथे टिपून ठेवायचा. एकट्याने केलेला विचार हेकेखोर होण्याची भीती असतेच. त्यावर त्याने शोधलेला हा उतारा. १८५९ मध्ये त्याचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं आणि आक्षेपांची झोड उठली. त्यातले फारच थोडे आक्षेप आपल्याला नवे होते, असं त्याने आत्मचरित्रात नोंदवलं आहे.