परसातील सफरचंद : निवड आणि जोपासना

भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील शहापूर व त्याच्या आसपासची गावे पावसाळ्यात बांध्यांतील पाण्याने वेढलेली असतात आणि वैशाखात तीच भूमी तव्यासारखी तापते. अशा मुलखात घराच्या सांदवाडीत सफरचंदाचे झाड लावावे, ही इच्छा काही वर्षांपूर्वी कोणी बोलून दाखविली असती तर ती थट्टेवारी गेली असती. आज तसे राहिलेले नाही. उष्ण प्रदेशात येणाऱ्या सफरचंदाची कलमे गावोगावी विकली जातात, लालभडक फळांची चित्रे दाखविली जातात आणि शेतकरी कुटुंबे कष्टाचे पैसे मोजून ती विकत घेतात. काही झाडे जगतात, काहींना चार फळे लागतात, पुष्कळशी पहिल्याच उन्हाळ्यात वाळून जातात. म्हणून खड्डा खणण्यापूर्वी या झाडाचा स्वभाव समजून घेणे अगत्याचे आहे.

थंडीची गरज

सफरचंद हे पानझडीचे झाड आहे. हिवाळ्यात ते पाने टाकून निद्रिस्त होते. त्या अवस्थेत ठरावीक काळ थंडी मिळाली, तरच वसंतात त्याचे डोळे एकसारखे फुटतात व फुले येतात. काश्मीर व हिमाचल प्रदेशातील जुन्या प्रसिद्ध जातींना ७ अंश सेल्सियसपेक्षा कमी तापमानाचे सुमारे १००० तास लागतात. भंडाऱ्याच्या परिसराची उंची समुद्रसपाटीपासून ३०० मीटरपेक्षाही कमी आहे. येथे थंडीच्या रात्रीही पारा ७ अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. त्यामुळे बाजारातून आणलेल्या काश्मिरी सफरचंदाची बी रुजविली, तर रोप उगवेल, पण त्यावर फळाची आशा धरणे व्यर्थ होय. शिवाय सफरचंदाचे बियांपासून केलेले झाड मूळ झाडासारखे निपजत नाही. यासाठी कलमच लावले पाहिजे.

कोणती जात घ्यावी ?

कमी थंडीत फळणाऱ्या तीन जाती विशेष परिचित आहेत. ‘अ‍ॅना’ ही जात इस्राएलमध्ये पैदास केलेली असून तिला २०० ते ३०० तासांची थंडी पुरते. ‘डॉर्सेट गोल्डन’ ही बहामा बेटांवर आढळलेली जात असून ती अ‍ॅनाच्या सुमारासच फुलते. तिसरी जात ‘एचआरएमएन-९९’ ही होय. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावचे शेतकरी श्री. हरिमन शर्मा यांनी आपल्या परसात टाकून दिलेल्या बियांतून उगवलेले एक रोप जपले व त्यापासून ही जात सिद्ध केली. या कार्याबद्दल त्यांना २०१७ साली राष्ट्रीय पुरस्कार व २०२५ साली पद्मश्री हा किताब मिळाला. एका शेतकऱ्याच्या निरीक्षणबुद्धीचे हे उत्तम उदाहरण आहे. तथापि बिलासपूरचा उन्हाळा कडक असला तरी तेथील हिवाळा भंडाऱ्यापेक्षा पुष्कळ थंड असतो, हे विसरता कामा नये.

बहुतेक सफरचंदांना फळधारणेसाठी दुसऱ्या जातीचे पराग लागतात. म्हणून एकच झाड लावण्याऐवजी अ‍ॅना व डॉर्सेट गोल्डन अशी जोडी लावावी. एचआरएमएन-९९ आपल्याच परागावर फळते असे सांगितले जाते. तरीही शेजारी दुसरी जात असणे हिताचे. फुलोऱ्याच्या दिवसांत मधमाश्यांचा वावर आवश्यक असल्याने त्या काळात कीटकनाशक फवारू नये.

कलम घेताना ते कोणत्या खुंटावर बांधले आहे, हे विक्रेत्यास अवश्य विचारावे. ‘एमएम-१०६’ या खुंटाचे बूड ओल साचणाऱ्या जमिनीत कुजते. म्हणून धानपट्ट्यात तो टाळावा. ‘एमएम-१११’ हा त्यापेक्षा काटक असतो. ज्याला जातीचे व खुंटाचे नाव सांगता येत नाही, त्याच्याकडून कलम घेऊ नये. ‘अ‍ॅपल बोर’ या नावाने मिळणारे झाड हे सफरचंद नसून मोठ्या फळाचे बोर आहे, हेही लक्षात असावे.

जागेची पारख

या झाडाला उन्हापेक्षाही साचलेले पाणी अधिक घातक आहे. कन्हार जमीन चिकण असून पाणी धरून ठेवते, ती टाळावी. बर्डी जमीन उथळ व मुरमाड असते. निचऱ्याची मोरांड किंवा भरपूर शेणखत घातलेली सिहार जमीन त्यातल्या त्यात बरी. परीक्षा सोपी आहे. ६० सेंटीमीटर खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत पाणी जिरले नाही, तर ती जागा सोडून द्यावी. बांधीच्या लगत, न्हाणीच्या पाटाजवळ किंवा वळचणीखाली झाड लावू नये. सकाळचे ऊन मिळेल व दुपारनंतर घराची अथवा मोठ्या झाडाची सावली पडेल, अशी घराच्या पूर्वेची बाजू उत्तम.

लागवड

उन्हाळ्यात ६० सेंटीमीटर लांब, रुंद व खोल खड्डा करून तापू द्यावा. पुढे माती, चांगले कुजलेले शेणखत व थोडी निंबोळी पेंड एकत्र करून तो भरावा आणि वर हातभर उंचीचा मातीचा ओटा करावा. कलम या ओट्यावर लावावे, म्हणजे पावसाचे पाणी बुडाशी थांबत नाही. उघड्या मुळांची कलमे डिसेंबर-जानेवारीत येतात. पिशवीतील कलमे पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात लावणे अधिक सोयीचे. कारण उन्हाळ्यापूर्वी मुळांना जम बसविण्यास अवधी मिळतो. कलमाचा जोड जमिनीपासून वीतभर वर राहिला पाहिजे. दोन झाडांत किमान ३ मीटर अंतर ठेवावे.

पहिला उन्हाळा

खरी कसोटी मार्च ते जून या काळात लागते. खोडाला चुना फासावा. त्यामुळे साल भाजत नाही. पश्चिमेच्या बाजूस बांबूचा तट्टा उभारावा. आळ्यात धानाचे तणस चार बोटे जाडीने पसरावे. मात्र ते खोडाला टेकू देऊ नये, अन्यथा उधई लागते. माती बोटभर उकरून पाहावी व कोरडी लागताच संध्याकाळी पाणी द्यावे. रोज शिंपडलेल्या तांब्याभर पाण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी दिलेले भरपूर पाणी मुळांना खोल नेते.

छाटणी व बहार

लागवडीनंतर शेंडा सुमारे ७५ सेंटीमीटरवर छाटून चारी बाजूंस तीन-चार फांद्या राखाव्यात. येथे थंडी अपुरी असल्यामुळे झाड आपणहून पाने टाकत नाही. इंडोनेशियातील जावा बेटावर, बाटू येथील बागाईतदार फळे उतरविल्यावर हाताने पाने खुडतात आणि झाडास नव्याने फुलावयास लावतात. त्याच तत्त्वावर झाड तीन वर्षांचे झाल्यावर डिसेंबरात पाणी कमी करून पाने खुडून पाहावीत व डोळे फुगताच पाणी सुरू करावे. मात्र बाटू हा थंड हवेचा उंच प्रदेश असल्याने येथे तितके यश येईलच असे मानू नये. पहिल्या दोन वर्षांची फुले खुडून टाकावीत. पुढे एका झुबक्यात एकच फळ ठेवावे. फळ ऐन उन्हाळ्यात पोसत असल्याने रंग फिका राहतो व काही फळे उन्हाने डागाळतात, याची जाणीव असावी.

पहिले झाड कोणते ?

ज्या घरी एकाच फळझाडास जागा व पाणी आहे, त्या घरी सफरचंद लावू नये, पेरू लावावा. पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात निवडलेला ‘सरदार’ पेरू या हवेत निश्चित फळतो. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, तर तेवढ्याच सफरचंदात ते पाच मिलिग्रॅमच्या आसपास असते. आजाऱ्यास सफरचंद द्यावे असा आपला परिपाठ आहे. पण वाढत्या लेकरांच्या अंगी लागण्यास परसातील पेरू कोठेही उणा नाही. लिंबू, सीताफळ, आवळा व बोर यांचेही तसेच.

ज्यांच्याकडे ही झाडे आधीच आहेत आणि ज्यांना हौस व सवड आहे, त्यांनी सफरचंदाची एक जोडी प्रयोग म्हणून अवश्य लावावी. लागवडीची तारीख, जात, फुलोरा व फळांची संख्या वहीत टिपून ठेवावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा झाडांच्या नोंदी, मेलेल्या झाडांसकट, ठेवाव्यात. चित्रातील फळ पाहून एकरभर लागवड करू निघालेल्या शेतकऱ्यास शेजाऱ्याच्या परसातील दोन झाडांचा खरा हिशेब दाखविता आला, तर त्याचे मोठे नुकसान टळेल.