दारापुढची दुधाची पिशवी

आमच्या सोसायटीत बिऱ्हाडे चोवीस, मजले चार आणि लिफ्ट नाही. सेक्रेटरीचे पद कोणालाच नको असते, म्हणून बँकेतून निवृत्त झाल्यावर ते माझ्या गळ्यात पडले. पाण्याची टाकी, जिन्यातले दिवे आणि थकलेली वर्गणी एवढाच त्या पदाचा व्याप, अशी माझी समजूत होती. २०२० सालच्या मार्च महिन्याने ती पार खोटी ठरवली.

९ मार्चला महाराष्ट्रातले करोनाचे पहिले रोगी आमच्या पुण्यातच आढळले आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. गुढी उभारली खरी, पण श्रीखंडाला चक्का काही मिळाला नाही. माझ्या अंगात मात्र भलताच उत्साह संचारला होता. फाटकाला कुलूप घातले, घरकामाच्या बायकांना मज्जाव केला आणि फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिले, ‘कोणाच्या घरी ताप-खोकला असल्यास त्वरित कळवावे. लपविणाऱ्यांवर कारवाई होईल.’ कारवाई म्हणजे नेमके काय करणार होतो, ते माझे मलाही ठाऊक नव्हते. पण आपण चोवीस कुटुंबांचे केवढे रक्षण करीत आहोत, या समाधानात मी रात्री गाढ झोपत असे.

जुलैतल्या एका सकाळी ही जिना चढून वर आली ती काळजीतच. “अहो, तिसऱ्या मजल्यावरच्या अण्णांच्या कडीला कालची दुधाची पिशवी तशीच आहे. आजची दुसरी आली.”

“झोपले असतील,” मी वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणालो.

“दोन दिवस?” असे म्हणून ती तोंडाला फडके बांधून खाली गेलीसुद्धा.

अण्णा आणि काकू दोघेच असतात; मुलगा परदेशी. काकूंनी दार बोटभर उघडले. अण्णांना चार दिवस ताप होता. हिने आमच्याकडचे ऑक्सिमीटर त्यांच्या बोटाला लावले. आकडा ८८! तो ९४ च्या खाली उतरला की डॉक्टरांना गाठायचे, हे एव्हाना सगळ्यांना पाठ झाले होते. खाट मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. सतरा दिवसांनी अण्णा घरी परतले, ते निम्मे होऊन. मी पायरीवर उभा होतो. ते थांबले, दम घेतला आणि म्हणाले, “अहो सेक्रेटरी, मी रोगाला भ्यालो नव्हतो. तुमच्या फळ्याला भ्यालो.”

खरे म्हणजे पुणेकराला हे कोणी सांगायला नको होते. १८९७ च्या प्लेगात गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या, तेव्हा लोकांनी आपली आजारी माणसे लपवली, हे आपण शाळेत वाचलेले आहे. त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले आजाऱ्यांना आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणीत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सरकारही रोगी शोधीत होते आणि सावित्रीबाईही. मी फळा लिहिताना यांपैकी कोणाची पद्धत उचलली, ते उघडच आहे.

त्या दिवशी फळा पुसला. नवा मजकूर हिने सांगितला आणि मी लिहिला: ‘ताप आला तर कळवा. दोन वेळचा डबा, औषधे आणि कचरा आम्ही पाहू.’ मजल्यामागे दोन घरे ठरवली. त्यांनी सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाला फोन करायचा आणि एकेकट्या म्हाताऱ्या माणसांशी पाच मिनिटे तरी बोलायचे. वर्गणीतून दोन ऑक्सिमीटर घेतली. (नखाला रंग असला किंवा बोट गार पडलेले असले तर ते यंत्र थापा मारते, हा शोध दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी लावला!) पुढच्या पंधरवड्यात तीन घरांनी आपण होऊन ताप कळवला. तिघेही घरीच बरे झाले.

मदत करण्याची हौसही किती आंधळी असते पाहा. नाल्यापलीकडच्या वस्तीत आम्ही रोज खिचडी पाठवीत होतो. आठवड्याने आमच्या मावशींचा फोन आला. “दादा, खिचडी चार ठिकाणांहून येतीया. पोरांना दूध न्हाई, गॅस संपलाय, अन् ह्यो फोनबी उद्या बंद पडंल.” त्यांना विचारायचे कोणालाच सुचले नव्हते. त्यानंतर आम्ही आधी विचारू लागलो. कोणाला सिलिंडर हवा होता, कोणाला साखरेच्या आजाराच्या गोळ्या, तर मुलींना पॅड. ते तर कोणी पुरुष कार्यकर्त्यापाशी बोललेच नसते. घरकामाच्या बायकांचा टाळेबंदीतला पगार चोवीसपैकी किती घरांनी दिला, ते इथे लिहीत नाही. आमच्या घरचा दिला गेला होता, माझ्या नकळत.

२०२१ च्या मार्चपासून साठीच्या पुढच्यांना लस मिळू लागली. तिची नोंदणी मोबाईलवर! तेव्हा कॉलेजातली पोरे जिन्यात खुर्ची टाकून आजी-आजोबांची नावे घालू लागली. एप्रिलअखेर त्याच पोरांनी रक्तदान केले, कारण १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली होणार होती आणि लसीनंतर २८ दिवस रक्त देता येत नाही, असा तेव्हाचा नियम होता. पुढे तो १४ दिवसांवर आला. हे माझ्या डोक्यात आले नसते. मी आपला सतरंज्या घातल्या आणि बिस्किटे वाटली.

अण्णा आता तिन्ही मजले चढतात, पण दर मजल्यावर थांबून. तिथे त्यांच्यासाठी एकेक स्टूल ठेवले आहे. फळ्याचा विषय ते काढत नाहीत, मीही नाही. ही अजून सकाळी फिरून आली की एकेक मजला सावकाश चढते आणि मला विचारले तर सांगते, गुडघे दुखतात म्हणून. पण परवा मी मागून येत होतो, तेव्हा पाहिले; ती प्रत्येक दाराच्या कडीकडे पाहत होती.