कॅन्सरवर ‘नॅनोकण आणि लेझर’: हा उपचार आज मिळतो का?

“डॉक्टर, नॅनोकण आणि लेझरने कॅन्सर बरा होतो असे वाचले. केमोऐवजी ते करता येईल का?” हा प्रश्न नातेवाईक विचारतात. आज याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्यामागची कारणे समजून घेऊ.

प्रकाश शरीरात किती खोल जातो?

अंधारात मोबाइलचा टॉर्च बोटांमागे धरून पाहा. प्रकाश पांढरा असूनही बोटे लाल दिसतात. निळा आणि हिरवा प्रकाश रक्तात शोषला जातो, लाल आरपार येतो. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश त्याहून खोल जाऊ शकतो.

फोटोडायनॅमिक थेरपीत आधी प्रकाशाने सक्रिय होणारे औषध देतात, मग गाठीवर लेझर सोडतात. अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या काही रुग्णांसाठी अमेरिकेत १९९५ मध्ये याला मान्यता मिळाली. मात्र यातला लाल प्रकाश साधारण एक सेंटीमीटरपर्यंतच परिणाम करतो. त्यामुळे खोलवरच्या मोठ्या गाठींवर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

नॅनोकण काय करतात?

दहाच्या दोन नोटा देऊन वीसची एक घ्यावी, तसे हे कण कमी ऊर्जेच्या इन्फ्रारेड प्रकाशाचे दोन किंवा अधिक फोटॉन घेऊन जास्त ऊर्जेचा एक फोटॉन बाहेर टाकतात. याला अपकन्व्हर्जन म्हणतात. कणातले यटर्बियम ९८० नॅनोमीटरचा प्रकाश शोषते आणि ऊर्जा शेजारच्या अर्बियमला देते. त्यातून हिरवा व लाल प्रकाश निघतो आणि गाठीजवळचे औषध सक्रिय होऊ शकते.

अडचण कुठे आहे?

हा प्रकाश फार मंद असतो. कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही लहान असल्याने बरीच ऊर्जा पृष्ठभागावरच, विशेषतः पाण्याच्या संपर्कात, वाया जाते. म्हणून कणाभोवती संरक्षक कवच चढवतात किंवा शेजारी सोन्याची सूक्ष्म रचना ठेवून प्रकाश वाढवतात. शिवाय ९८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने ऊतींमधले पाणी तापते. त्यासाठी निओडिमियम मिसळून ८०८ नॅनोमीटरचा लेझर वापरण्याचे प्रयोग झाले आहेत.

२०१२ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी या पद्धतीने उंदरांमधील गाठींची वाढ मंदावल्याचे दाखवले. पण उंदराची गाठ त्वचेखालीच असते. माणसात प्रकाशाला बरेच अंतर कापावे लागते. हे कण यकृत आणि प्लीहेत साठू शकतात, त्यामुळे दीर्घकालीन सुरक्षिततेची खात्री आवश्यक आहे.

तुम्ही काय करावे?

- या उपचाराच्या आशेने शस्त्रक्रिया, केमो किंवा रेडिएशन लांबवू नका. गेलेला वेळ परत मिळत नाही.
- कोणी ‘नॅनो-लेझर’ उपचार देऊ केला, तर औषधाचे नाव आणि त्याची सरकारी मान्यता लेखी मागा.
- तो प्रयोग असल्याचे सांगितले, तर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतला क्रमांक आणि नैतिकता समितीची परवानगी पाहा.
- ती कागदपत्रे तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय सही करू नका, पैसेही भरू नका.